ठेवला तरी सत्तर, काढला तरी सत्तर

लोरेटा मातुसेक खुर्चीत स्वस्थ बसलेली बावीस वर्षांत मी क्वचितच पाहिली. आमच्या फुटबॉल क्लबात मी तिकिटांचं काम बघायचो आणि समोरच्या खोलीत ती. बसली की एक पाय सारखा हलत असायचा, पेन्सिल दातांत. उठली की खिडकीशी जाऊन गाड्या लावायच्या मैदानाकडे बघत राहायची. मग पुन्हा खुर्ची. मग पुन्हा खिडकी.

टोलेडोच्या पूर्व भागात ती वाढली. वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. क्लबात ती लागली ती टपाल फोडायला. पुढे लीगने पगारांवर कॅप बसवली, म्हणजे खेळाडूंवर वर्षाला अमुकच डॉलर खर्च करायचे, त्यावर एकही नाही, असा नियम आला. साडेतीनशे पानांचं ते नियमांचं पुस्तक वाचायला कोणी तयार होईना. लोरेटा ते घरी घेऊन गेली आणि आठवड्याने त्यातली एक चूक दाखवतच परत आली. तेव्हापासून क्लबचा प्रत्येक करार तिच्या हाताखालून जायचा. कोणाला किती द्यायचे हे वरचे ठरवायचे. ते कॅपमध्ये कसे बसवायचे हे लोरेटा.

हे सांगतोय ते ओडेल पिकेटच्या वेळचं. ओडेल आमचा डावा गार्ड. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे जे पाच आडदांड गडी भिंत करून उभे राहतात, त्यांतला एक. बत्तीस वर्षांचा, दीडशे किलोचा, आवाज मात्र अगदी मऊ. मिसिसिपीतल्या याझू सिटीचा, त्यामुळे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी ‘मिस’ लावल्याशिवाय त्याचं तोंड उघडायचं नाही. एजंट त्याने ठेवला नव्हता. ‘तीन टक्के कशाला द्यायचे? समजलं नाही तर मी मिस लोरेटांना विचारतो,’ म्हणायचा. क्लबाचा पगार घेणाऱ्या बाईला! आम्ही हसायचो. पण तो खरंच तिलाच विचारायचा.

त्याच्या कराराला तीन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. मध्ये एकदा, दोन वर्षांपूर्वी, क्लब कॅपच्या वर चालला होता म्हणून तिनेच त्याला बोलावून नवा कागद पुढे केला होता.

“मिस लोरेटा, यात माझं काय जातं?”

“काही नाही. ऐंशी लाख पगारापैकी साठ लाख तुला हंगामभर थोडेथोडे मिळणार होते. ते आज बोनस म्हणून एकदम मिळतील.”

“आणि क्लबाचं?”

“बोनस वहीत चार वर्षांवर वाटून टाकता येतो. दर वर्षी पंधरा लाख. यंदाचं ओझं हलकं होतं.”

“म्हणजे सगळेच खूश?”

“सगळेच खूश,” लोरेटा म्हणाली आणि त्याने सही केली.

त्या मार्चमध्ये अशा सह्या अकरा जणांनी केल्या. पुढच्या वर्षांवर ढकललेलं ओझं पुढचं वर्ष आलं की समोर येऊन उभं राहणारच. दोन वर्षांनी ते उभं राहिलं. नवं वर्ष सुरू व्हायचं मार्चमधल्या एका बुधवारी, दुपारी चार वाजता. त्या क्षणी क्लब कॅपच्या आत हवा. आणि नऊ दिवस आधी, सोमवारी, आम्ही एक्कावन्न लाख डॉलरने बाहेर होतो.

त्या सोमवारी स्टॅनहोपने लोरेटाला वर बोलावलं. स्टॅनहोप म्हणजे आमचा सरव्यवस्थापक, चाळिशीतला, कोणाकडेही न बघता बोलणारा माणूस.

“पिकेट,” तो म्हणाला. “यंदा सव्वा कोटीला पडतोय. गुडघ्यामुळे गेल्या वर्षी निम्मासुद्धा खेळला नाही. काढला तर?”

तिला वही उघडावी लागली नाही. “सुरुवातीला दिलेला बोनस आणि मधला, दोन्ही मिळून सत्तर लाख अजून वहीत यायचे आहेत. ठेवला तर त्यातले यंदा पस्तीसच धरायचे, काढला तर सगळे सत्तर यंदाच अंगावर येतात. पगाराचे नव्वद वाचतात. हातात पंचावन्न लाख सुटतात.”

“आपल्याला एक्कावन्न हवेत. झालं तर.”

“त्याला आज सांगायचं?”

“पुढच्या बुधवारी. तोवर दुसरा गार्ड मिळतो का बघतो. नाही मिळाला तर मग बघू. आणि लोरेटा, तुमचं-माझं बोलणं या खोलीतच राहील.”

ती खाली आली तर टेबलावरचा फोन वाजत होता. ओडेल.

“मिस लोरेटा, एक विचारायचं होतं. याझूचं घर विकलं. आईला इकडे आणतोय. शनिवारी ट्रक येतोय. घाई तर करत नाही ना मी?”

लोरेटा मला पुढे म्हणाली, की त्या वेळी तिच्या जिभेवर एकच शब्द होता, ‘थांब’. तिने तो गिळला आणि विचारलं, “तुझ्या आईला इथली थंडी सोसेल का?”

तो खळखळून हसला. “तिलाच विचारा. शनिवारी जेवायला या.”

त्यानंतरचे दिवस मी समोरून पाहिले. मंगळवारी तिने खोलीतली सगळी कपाटं हलवून पुसली. बुधवारी दुपारी झेरॉक्सचं यंत्र उघडून बसली, त्याला काहीही झालेलं नसताना. गुरुवारी डबा तसाच ठेवून ती खाली उतरली आणि रिकाम्या मैदानात, सरोवराकडून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात, कोट न घालता फेऱ्या मारत राहिली. मी तिचा कोट घेऊन खाली गेलो.

“अगं बाई, न्यूमोनिया होऊन मरशील.”

“हर्ब,” ती चालतच म्हणाली, “एखादी गोष्ट माहीत आहे आणि सांगता येत नाही, असं झालं तर तू काय करतोस?”

“मी तिकिटं विकतो, लोरेटा. मला कोण काय सांगतंय?”

“नशीबवान आहेस,” ती म्हणाली, आणि आणखी दोन फेऱ्या मारून आली.

शनिवारी ती ओडेलकडे गेली. नसती गेली तर त्याला शंका आली असती, असं ती म्हणाली. मला वाटतं तिला राहवलंच नाही. अंगणात ट्रक उभा होता आणि ओडेलची आई, मिसेस अर्नेस्टीन पिकेट, चौऱ्याहत्तर वर्षांची, काठीने दाखवत हमालांना नाचवत होती. फ्रिज कुठे, पलंग कुठे, नवऱ्याचा फोटो कुठल्या भिंतीवर.

“मुलगा म्हणतो इथे सहा महिने थंडी असते,” म्हातारी लोरेटाला म्हणाली. “मी म्हटलं, हे आधी बोलला असतास तर फ्रिज तिथेच नसता का विकला?”

जेवायला मक्याचा पाव होता आणि डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली पाल्याची भाजी. लोरेटा ताटात पावाचा नुसता चुरा करत राहिली.

“काय गं पोरी, खात का नाहीस? भाजी खारट आहे, की माझं तोंड?”

“छान आहे हो. सकाळपासून पोटच बरं नाही.”

“पोट बरं नसलं की माणूस गप्प बसतो. तुझे पाय बघ कसे टेबलाखाली नाचतायत. माझ्या नवऱ्याचे असेच नाचायचे, खोटं बोलला की.”

ओडेल म्हणाला, “आई, पाहुणी आहे ती!” म्हातारी म्हणाली, “मग? पाहुण्यांशी खोटं बोलू का?”

लोरेटा लवकर निघाली. घरी न जाता तिने गाडी ऑफिसकडे वळवली. शनिवारची रिकामी इमारत, आणि ती ते साडेतीनशे पानांचं पुस्तक उघडून बसली. स्टॅनहोपला एक्कावन्न लाख हवे होते ना? मग ते ओडेलला न काढता कुठून निघतील? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा करार पुन्हा पुढच्या वर्षांवर ढकलावा तर त्याचा एजंट गेल्याच आठवड्यात नाही म्हणाला होता. बाकीचे करार लहान, त्यांच्यात काही निघण्यासारखं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी तिला ते सापडलं. नियम तिला पाठ होता, पण ओडेलच्या गुडघ्याशी त्याचा संबंध लावायचं तिला सुचलं नव्हतं. एखाद्याला ‘इतका खेळलास तर इतकं बक्षीस’ असं कबूल केलं आणि गेल्या वर्षी तो तितका खेळला नसेल, तर लीग ते बक्षीस यंदाच्या कॅपमध्ये धरत नाही. मिळालंच तर पुढच्या वर्षी धरते. गेल्या वर्षी ओडेल शंभरातले चाळीस डाव खेळला होता. त्याचा पगार नव्वदवरून पस्तीसवर आणायचा आणि पासष्ट टक्के डाव खेळला तर पंचेचाळीस लाखांचं बक्षीस लिहायचं. पस्तीस पगाराचे, पस्तीस जुन्या बोनसच्या यंदाच्या वाट्याचे. सत्तर.

सोमवारी सकाळी ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेली.

“काढला तर त्याच्या नावावर सत्तर लाख, आणि तो इथे नाही,” तिने स्टॅनहोपला सांगितलं. “ठेवला तरी सत्तर लाखच, आणि तो इथे आहे. शिवाय काढला तर त्याच्या जागी येणाऱ्याचा पगार वेगळा.”

स्टॅनहोपने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “आणि त्याने सही नाही केली तर?”

“तर तुमचा पहिला बेत आहेच.”

“ठीक आहे. पण बुधवारीच. आज दिला तर तो चार ठिकाणी विचारत बसेल. तुम्हीच द्या कागद. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा.”

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने ते मला तीनदा ऐकवलं. “विश्वास आहे म्हणून मी द्यायचा, हर्ब. म्हणजे त्याने वाचू नये म्हणून.”

“अगं, पण तू त्याची नोकरी वाचवलीस ना?”

“पंचावन्न लाखाला.”

बुधवारी अकरा वाजता ओडेल आला. गुडघा जरा जपत टाकत होता, हातात आईने दिलेला मक्याच्या पावाचा डबा. माझ्या दारावर टकटक करून म्हणाला, “हर्ब काका, तुमच्यासाठीपण आहे.” मग तो समोरच्या खोलीत गेला आणि दार लागलं. आत काय झालं हे लोरेटाने मला पुढे इतक्या वेळा सांगितलं, की आता मी तिथेच होतो असं वाटतं.

तिने कागद पुढे ठेवला. आकडे समजावले. तो ऐकत राहिला.

“नव्वदचे पस्तीस,” तो म्हणाला.

“हो. आणि बरा राहिलास आणि खेळलास तर पंचेचाळीस आणखी.”

“नाही म्हटलं तर?”

“तर चारच्या आत तुला काढतील.”

तो खिडकीकडे बघत राहिला. “माझ्या आईचं सामान शनिवारी उतरवलं. तुम्ही होतात तिथे.”

“होते.”

“तेव्हा माहीत होतं तुम्हाला?”

लोरेटा म्हणाली, “गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून माहीत होतं. तू फोन केलास त्याच्या आधीपासून.”

मग त्याने टेबलावरचं पेन उचललं. रागाने नाही. थकलेल्या माणसासारखं. आणि पेन हातात असताना, सवयीनेच जणू, त्याने विचारलं, “मिस लोरेटा, तुम्ही माझ्या जागी असतात तर सही केली असतीत?”

हो म्हणणं सोपं होतं. हा कागद तिनेच बनवला होता. सही झाली असती तर ओडेल इथे राहिला असता, म्हातारी इथे राहिली असती, स्टॅनहोप खूश झाला असता. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली.

“मी क्लबाचा पगार घेते, ओडेल. हे लक्षात ठेवून ऐक. नाही. मी सही केली नसती.”

“का?”

“कारण किती डाव खेळायचे हे तुझ्या हातात नाही. कोच ठरवतो. चौसष्ट टक्क्यांवर तुला बाकावर बसवलं तर पंचेचाळीस लाख वाचतात, हे इथे कोणालाही कळतं. पश्चिमेकडच्या दोन क्लबांना डावा गार्ड हवा होता, सोमवारी दोघांच्याही हातून माणूस निसटला. पेपरात आलंय. आज दुपारी तू मोकळा झालास तर संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन येईल. आठवड्याने नाही येणार. आणि जे कबूल करतील ते हमीने माग. खेळलो तर, बरा राहिलो तर, असलं काही नको.”

“आणि फोन नाही आला तर?”

“तर मी तुझं वाटोळं केलं.”

त्याने पेन खाली ठेवलं. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, सगळेच खूश.”

“म्हणाले होते.”

“तेव्हा असं का नाही बोललात?”

तेव्हा त्याने तसं विचारलंच नव्हतं, एवढंच तिला आठवलं, आणि ते तिने सांगितलं नाही.

तो गेला. पावाचा डबा टेबलावर राहिला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला काढल्याचा कागद लीगकडे गेला. तो पाठवायचं कामही लोरेटाचंच होतं. मग ती वर गेली आणि स्टॅनहोपला सगळं सांगून टाकलं. तिने सांगितलं नसतं तर त्याला कधीच कळलं नसतं. हे मी तिला म्हटलंही.

स्टॅनहोप ओरडला नाही. “आपण कॅपच्या आत आहोत?” त्याने विचारलं.

“चार लाखांनी.”

“मग आज काही बोलत नाही. उद्यापासून तुम्ही खेळाडूंशी बोलायचं नाही. आकडे मला द्या, बोलणं मी बघेन.”

त्याने तिची खोली तळमजल्यावर हलवली, गणवेश ठेवायच्या कोठीशेजारी. तिथे खिडकी नव्हती.

ओडेलला त्या संध्याकाळी फोन आला नाही. गुरुवारीही नाही. त्या दोन दिवसांत लोरेटा माझ्या दारात किती वेळा आली याची गणतीच नाही. “काही कळलं?” “नाही.” पाच मिनिटांनी पुन्हा. शुक्रवारी दुपारी बातमी आली: पश्चिमेकडच्या एका क्लबाशी करार, दोन वर्षं, पहिल्या वर्षी साठ लाख, दुसऱ्या वर्षी पन्नास, दोन्ही हमीचे. ती माझ्या खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा तिचा पाय थांबलेला मी पाहिला. पण मिनिटभरच. लगेच तिच्या मनात हिशेब सुरू झाला. “इथे पस्तीस आणि पंचेचाळीस, ऐंशी झाले असते. तिकडे साठ. वीस कमी, हर्ब.”

“ते मिळाले असते तर ना!”

“मिळाले असते तर?”

आणि त्या हंगामात ओडेल तिकडे सगळेच्या सगळे सामने खेळला. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. दर रविवारी लोरेटा आपल्या बैठकीत दोन टीव्ही लावायची, एकावर आमचा सामना, दुसऱ्यावर त्याचा, आणि आमच्या नवीन गार्डकडे ढुंकूनही बघायची नाही. ओडेल उठून उभा राहिला की ती खाली बसायची, पडला की उभी राहायची. डाव मोजायची. डिसेंबरात पासष्ट टक्के ओलांडले त्या दिवशी तिने टीव्ही बंद केला आणि बाहेर बर्फ काढत बसली.

“मी वीस लाखांना बुडवलं त्याला,” दुसऱ्या दिवशी म्हणाली.

मी म्हटलं, “इथे खेळवला असता असं तुला कोणी लिहून दिलं होतं?”

“नाही. तेच तर कळायला मार्ग नाही.”

दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरातल्या दुसऱ्याच सामन्यात, ओडेलचा तोच गुडघा कायमचा गेला. स्ट्रेचरवरून नेताना त्याने टॉवेल तोंडावर घेतला होता. पन्नास लाख हमीचे होते, ते त्याला मिळाले. इथे तो असता तर त्या वर्षी त्याच्या हाती काय लागलं असतं कोणास ठाऊक; बहुतेक काहीच नाही. मी लोरेटाला हे बोललो नाही. तिने आकडा मनात मांडला असणारच. पण त्या आठवड्यात तिने तो उच्चारला नाही. तिने क्लबात राजीनामा दिला, तळमजल्यावरच्या खोलीतून दोन खोकी उचलली आणि मला गाडीपर्यंत ती न्यायला लावली.

“आता काय करणार?” मी विचारलं.

“माहीत नाही. घरी बसणं जमेल असं नाही वाटत.”

नाहीच जमलं. खेळाडूंच्या संघटनेने तिला बोलावलं, नवीन पोरांना करार वाचायला शिकवण्यासाठी. तेवीस-चोवीस वर्षांचे, गळ्यात सोन्याची साखळी घातलेले ते धिप्पाड गडी तिच्यापुढे बाकांवर बसतात आणि ती फळ्यासमोर येरझारा घालत विचारते, “हा आकडा कोणाच्या हातात आहे? तुझ्या? नीट बघ. कोचच्या?” एकदा मी मागे बसून ऐकलं. तासाभरात ती एकदाही खाली बसली नाही.

आणि मिसेस पिकेट? ओडेल पश्चिमेला गेला तेव्हा त्याने आईला बरोबर न्यायचं फार मनावर घेतलं होतं. म्हातारीने साफ नकार दिला. आठच दिवसांपूर्वी पलंग लावलाय, तो पुन्हा उचलायला माझ्यात बळ नाही, म्हणाली. दोनच आठवड्यांत नदीपलीकडच्या चर्चमधल्या बायका तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांच्या गाण्यात सूर नव्हता असं तिचं मत होतं, आणि ते सुधारायला कोणीतरी हवं होतं. लोरेटाला तिने मार्चच्या शेवटी फोन केला होता.

“पोरी, माझ्या मुलाला तू घराबाहेर घालवलंस असं तो म्हणतो.”

“हो, मिसेस पिकेट.”

“खरं सांगून घालवलंस, असंही म्हणतो.”

“हो.”

“मग ये जेवायला. आणि या वेळी खा.”

लोरेटा गेली. अजून जाते, दर दुसऱ्या गुरुवारी. ओडेल आता याझू सिटीतल्या शाळेत पोरांना भिंत कशी करायची ते शिकवतो. आईला परत बोलावतो, आणि म्हातारी म्हणते, इथली थंडी संपू दे, मग बघू. उन्हाळ्यातही हेच म्हणते.